हिशेब कोणाला? : संसदेपासून ग्रामसभेपर्यंत सार्वजनिक पैशाची छाननी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् शहरापासून काही किलोमीटर अंतरावर पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. धेनुपुरीश्वराच्या आणि त्याच आवारातील दुर्गेच्या दर्शनासाठी तेथे दूरवरून लोक येतात. लगतचे पळैयारै हे एके काळी चोळ राजांच्या राजधानीचे ठाणे होते. राजेंद्र चोळाने पंचवनमादेवी या राणीच्या स्मरणार्थ उभारलेले मंदिरही याच परिसरात आहे. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला व्यंकोजीराजांनी भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत हा मुलूख मराठी राज्याच्या स्मृतीशी जोडलेला राहिला. त्या दरबाराचे मोडी दप्तर आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे आणि त्यात जमाखर्चाच्या कागदांचा भरणा मोठा आहे. राज्य कोणाचेही असो, त्याची खरी ओळख त्याच्या हिशेबाच्या वह्यांतून पटते, याची साक्ष हे दप्तर देते.

आज पट्टीश्वरम् ही कुंभकोणम् पंचायत युनियनमधील एक ग्रामपंचायत आहे. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, गटारे, गावरस्ते आणि स्वच्छता ही तमिळनाडूतील कोणत्याही ग्रामपंचायतीची नेहमीची कामे. या कामांसाठी लागणारा पैसा काही अंशी गावातच गोळा होतो, काही चेन्नईहून येतो आणि काही दिल्लीहून. आजच्या विषयाचा मूळ प्रश्न येथूनच सुरू होतो. अशा गावात खर्च होणाऱ्या रुपयाला वाटेत कोणकोणत्या सभागृहांची संमती मिळालेली असते? खर्च झाल्यानंतर त्याचा हिशेब कोण मागतो? आणि तो हिशेब ज्यांच्या नावाने खर्च झाला, त्या गावकऱ्यांपर्यंत पोहोचतो का?

एका अधिकाराचे दोन भाग

लोकशाहीत तिजोरीवरील लोकप्रतिनिधींच्या अधिकाराचे दोन भाग असतात. पहिला भाग खर्चापूर्वीच्या संमतीचा आणि दुसरा खर्चानंतरच्या हिशेबाचा. संमतीशिवाय हिशेब मागता येतो, पण त्याला धार नसते. हिशेबाशिवाय संमती देता येते, पण ती कोऱ्या धनादेशावरील सहीसारखी असते. विद्यार्थी बहुधा पहिल्या भागाचा अभ्यास तपशिलाने करतात, कारण अर्थसंकल्पाचा दिवस गाजतो. लेखापरीक्षेचा अहवाल ज्या दिवशी सभागृहात मांडला जातो तो दिवस क्वचितच कोणाच्या लक्षात राहतो.

हे दोन्ही भाग भारतीयांना एकाच वेळी मिळाले नाहीत. १८९२ च्या कायद्याने विधिमंडळातील सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली, पण मतदानाची नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावरील पहिले भाषण केले ते याच मर्यादेत. दुष्काळाने गांजलेल्या देशात सरकारी शिल्लक वाढत असेल, तर ती समृद्धीची खूण नसून जनतेवर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याचा पुरावा आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारच्याच आकड्यांवरून त्यांनी तो मांडला. मताचा अधिकार नसतानाही हिशेबाच्या अचूक वाचनाने सरकारवर दबाव आणता येतो, हे त्यातून दिसले. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा वार्षिक ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर नेण्यात आली.

संसदेतील संमती : नियम आणि व्यवहार

राज्यघटनेने संमतीची चौकट काटेकोर आखली आहे. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही. अनुच्छेद २६६ नुसार सरकारचा सर्व महसूल आणि कर्जे एकत्रित निधीत जमा होतात आणि विनियोजन कायद्याशिवाय त्यातून पैसा काढता येत नाही. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे ठेवले जाते आणि अनुच्छेद ११३ नुसार अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढे मतासाठी येतात. राज्यसभा चर्चा करते, पण मागण्यांवर मतदान करत नाही.

खर्चाचे दोन प्रकार येथे ध्यानात ठेवावे लागतात. दत्तमत खर्चावर लोकसभा मत देते. भारित खर्चावर केवळ चर्चा होऊ शकते. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वेतन, कर्जावरील व्याज या बाबी भारित आहेत. न्यायाधीश आणि लेखापरीक्षक यांचे स्वातंत्र्य दरवर्षीच्या मतदानावर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू. परंतु व्याजाचा बोजा जसा वाढतो, तसा मतदानाच्या कक्षेबाहेरचा खर्चही वाढतो.

दत्तमत खर्चाच्या बाबतीतही व्यवहार चौकटीपेक्षा वेगळा दिसतो. सदस्य कपात सूचना देऊ शकतात. धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करण्याची सूचना आणि विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठी शंभर रुपयांची सांकेतिक कपात, असे तिचे तीन प्रकार आहेत. सरकारकडे बहुमत असल्याने यांपैकी एखादी सूचना मंजूर होणे हा जवळजवळ अविश्वासाचाच प्रसंग ठरेल. त्यामुळे कपात सूचनेचे महत्त्व तिच्या निकालात नसून तिच्या निमित्ताने मंत्र्यांना द्याव्या लागणाऱ्या उत्तरात असते. चर्चाच झाली नाही, तर हे उत्तरही मिळत नाही. चर्चेचा कालावधी संपला की उरलेल्या सर्व मागण्या एकत्रितपणे मतास टाकल्या जातात. या पद्धतीला गिलोटिन म्हणतात. १४ मार्च २०१८ रोजी आणि पुन्हा २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेशिवाय अशा रीतीने मंजूर केल्या. घटनेचा भंग झाला नाही. तथापि, संमतीच्या अधिकाराचा आशय त्या दिवशी किती शिल्लक राहिला, हा प्रश्न उरतोच.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९९३ मध्ये विभागांशी संबंधित स्थायी समित्या स्थापन झाल्या. प्रारंभी त्या १७ होत्या. २००४ पासून त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अधिवेशनाच्या मधल्या सुटीत त्या मागण्या तपासतात, सचिवांना प्रश्न विचारतात आणि अहवाल देतात. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण पक्षाच्या आदेशापासून थोडे दूर बसून आकडे वाचण्याची संधी सदस्यांना येथेच मिळते.

हिशेबाची बाजू : महालेखापरीक्षक आणि लोकलेखा समिती

अधिकाराचा दुसरा भाग अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत व्यक्त केले होते. संसदेने मंजूर केलेला पैसा त्याच कामासाठी आणि त्याच मर्यादेत खर्च झाला का, हे पाहणारी यंत्रणा स्वतंत्र नसेल, तर संसदेच्या मंजुरीला अर्थ उरत नाही, ही त्यामागील जाणीव होती. केंद्राच्या हिशेबांवरील अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतात आणि राज्यांच्या हिशेबांवरील अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे.

हे अहवाल लोकलेखा समिती तपासते. ही समिती १९२१ पासून अस्तित्वात आहे. स्वातंत्र्यापूर्वी वित्त खात्याचा सदस्यच तिचा अध्यक्ष असे. म्हणजे ज्याने हिशेब द्यायचा तोच हिशेब तपासणाऱ्यांच्या अग्रस्थानी. १९५० पासून ती लोकसभेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे तिचे २२ सदस्य असतात, मंत्री तिचे सदस्य होऊ शकत नाहीत आणि १९६७ पासून विरोधी पक्षातील सदस्याला अध्यक्षपद देण्याचा संकेत आहे. ३० सदस्यांची अंदाज समिती पूर्णपणे लोकसभेची असते, तर सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ मध्ये स्थापन झाली. या तिघींमधील कार्यविभागणी परीक्षेत वारंवार विचारली जाते. अंदाज समिती काटकसरीचे आणि कार्यक्षमतेचे मार्ग सुचवते, लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब तपासते आणि उपक्रम समिती सरकारी कंपन्या व महामंडळांकडे पाहते.

लोकलेखा समितीच्या दोन मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. तिचे काम खर्च होऊन गेल्यावर सुरू होते, म्हणून तिच्या तपासणीला शवविच्छेदन म्हटले जाते. दुसरे, तिचे बळ एकमतात असते. दूरसंचार ध्वनिलहरींच्या वाटपावरील मसुदा अहवालावरून २०११ मध्ये समितीत उभी फूट पडली आणि तो अहवाल समितीचा म्हणून स्वीकारला जाऊ शकला नाही. हिशेबाच्या प्रश्नावर पक्षीय रेषा ओढली गेली की समितीचा आवाज क्षीण होतो, हे त्यातून दिसले.

रुपयाचा प्रवास

आता पुन्हा पट्टीश्वरम्‌कडे वळावे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी १ जून १९९३ रोजी अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय नमूद झाले. अनुच्छेद २४३-एच ने करांचे आणि निधीचे अधिकार देण्याची, २४३-आय ने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची आणि २४३-जे ने हिशेब व लेखापरीक्षेची तरतूद करण्याची व्यवस्था केली. अनुच्छेद २८० मध्ये भर घालून केंद्रीय वित्त आयोगालाही स्थानिक संस्थांच्या निधीचा विचार करण्याची जबाबदारी दिली.

त्यानंतर रकमा झपाट्याने वाढल्या. अकराव्या वित्त आयोगाने २००० ते २००५ या पाच वर्षांत पंचायतींसाठी ८,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. बाराव्याने २०,००० कोटींची केली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीत सर्व स्थानिक संस्थांसाठी मिळून ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले, त्यांपैकी २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांसाठी होते. यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होती. राज्याने ही रक्कम मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत खाली पाठवावी, विलंब झाल्यास व्याज द्यावे, अशी अट होती. हिशेब ऑनलाइन उपलब्ध असणे ही अनुदान मिळण्याचीच पूर्वअट करण्यात आली.

या रुपयाला वाटेत कोणाची संमती मिळते, हे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. वित्त आयोगाची अनुदाने अनुच्छेद २७५ नुसार एकत्रित निधीवर भारित असतात. संसद त्यांवर चर्चा करू शकते, पण मागणी म्हणून त्यांवर मतदान होत नाही. राज्याच्या विधानसभेत हीच रक्कम ग्रामविकास खात्याच्या मागणीत एकत्रित आकड्याच्या रूपाने येते. तमिळनाडूत बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत; त्या आकड्यात एखादे पट्टीश्वरम् आमदारांना दिसणे शक्य नाही. केरळने यावर एक साधा मार्ग काढला. १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम सुरू झाल्यानंतर राज्याच्या अर्थसंकल्पाच्या एका स्वतंत्र अनुबंधात प्रत्येक स्थानिक संस्थेच्या वाट्याची रक्कम नावानिशी छापली जाऊ लागली. कोणत्या पंचायतीला किती मिळणार हे विधानसभेला माहीत असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या पंचायतीलाही ते आधीच माहीत असते.

लेखापरीक्षेची वाटही अशीच वळणावळणाची आहे. संघ आणि राज्य यांच्या हिशेबांसाठी महालेखापरीक्षक आहेत. पंचायतींची तरतूद मात्र राज्याच्या कायद्यावर सोपवलेली आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर महालेखापरीक्षकांनी या लेखापरीक्षेला तांत्रिक मार्गदर्शन करावे, अशी व्यवस्था रूढ झाली. तमिळनाडूतील प्रचलित पद्धतीत पंचायत युनियन आणि जिल्हा पंचायत यांचे लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा खाते करते, तर ग्रामपंचायतींचे हिशेब ग्रामविकास यंत्रणेतीलच उपगटविकास अधिकारी तपासतात. म्हणजे संस्था जितकी लहान, तितका तिचा लेखापरीक्षक तिच्यावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेच्या अधिक जवळचा. महाराष्ट्रात विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षा अहवालांवर साक्षी घेते. ही व्यवस्था उपयुक्त आहे. मात्र तिच्या दौऱ्यात अधिकाऱ्यांनी वरच्या सभागृहाला उत्तर दिलेले असते, खालच्या सभेला नव्हे.

आंबेडकरांचा निकष

विकेंद्रित वित्त म्हणजे नेमके काय, हे ठरवण्यासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळण्याचे कारण नाही. डॉ. आंबेडकर यांचा कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून लंडनहून प्रसिद्ध झाला. लॉर्ड मेयो यांच्या डिसेंबर १८७० च्या ठरावानंतर प्रांतांना स्वतंत्र अर्थसंकल्प मिळाले. त्या व्यवस्थेचे त्यांनी तीन टप्पे पाडले. प्रथम ठोक नेमणुकांचा, म्हणजे केंद्राने ठरवून दिलेल्या रकमांचा; नंतर सोपवलेल्या महसुलाचा; आणि अखेरीस १८८२ पासून वाटून घेतलेल्या महसुलाचा. प्रांतांच्या नावाने स्वतंत्र अंदाजपत्रके छापली जात असली, तरी महसुलावरचा कायदेशीर अधिकार, खर्चावरचे अंतिम नियंत्रण आणि नियम करण्याची सत्ता वरिष्ठ सरकारकडेच होती, हे त्यांनी दाखवून दिले. अंदाजपत्रक वेगळे असणे आणि वित्त स्वायत्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातून मिळणारा धडा.

हा निकष आजच्या ग्रामपंचायतीला लावून पाहावा. तमिळनाडूत ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे प्रवाह जवळजवळ त्याच तीन टप्प्यांची आठवण करून देतात. केंद्राची आणि योजनांची अनुदाने पहिल्या प्रकारची. मुद्रांक शुल्कावरील अधिभार, जमीन महसुलावरील स्थानिक उपकर, गौण खनिजांचे स्वामित्वधन यांना तेथे सोपवलेला महसूल असेच म्हणतात. तो दुसरा प्रकार. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्याच्या स्वतःच्या शुद्ध करमहसुलातील वाटा हा तिसरा. तमिळनाडूने राज्य वित्त आयोग नियमाने नेमले आणि चौथ्या व पाचव्या आयोगाच्या काळात हा वाटा १० टक्के ठेवला, हे अनेक राज्यांच्या तुलनेत चांगले उदाहरण आहे. उरतो तो ग्रामपंचायतीने स्वतः बसवलेला घरपट्टी, व्यवसाय कर, पाणीपट्टी यांसारखा महसूल. तोच खऱ्या अर्थाने तिचा.

स्वतःच्या कराचे महत्त्व केवळ रकमेत नाही. जो घरपट्टी भरतो, तो दिवा का बंद आहे हे विचारतो. वरून आलेल्या पैशाबद्दल असा प्रश्न विचारणारा आपोआप तयार होत नाही. ग्रामपंचायतीची उपयोगिता प्रमाणपत्रे वर जातात, प्रपत्रे वर जातात, ऑनलाइन नोंदीही वरच्या कार्यालयात आधी वाचल्या जातात. हिशेबाचा ओघ पैशाच्या ओघाच्या उलट दिशेने, म्हणजे वरच वाहतो. परिणामी ग्रामपंचायत गावाची संस्था न राहता वरिष्ठ सरकारची अभिकर्ता बनण्याचा धोका असतो.

सभागृहच नसते तेव्हा

हा धोका कल्पनेतील नाही. तमिळनाडूत ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थानिक संस्थांची मुदत संपली. जाहीर झालेल्या निवडणुका न्यायालयात रद्द झाल्या. तंजावरसह २७ जिल्ह्यांत ग्रामीण निवडणुका झाल्या त्या २७ आणि ३० डिसेंबर २०१९ रोजी. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात गावांचा कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे होता. निवडून आलेल्या संस्था नसल्याने वित्त आयोगाच्या अनुदानाचा प्रश्नही अडकून पडला. ५ जानेवारी २०२५ रोजी या संस्थांची मुदत पुन्हा संपली आणि पुन्हा विशेष अधिकारी आले. अनुच्छेद २४३-ई मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्यास सांगतो. तरीही असे घडले.

महाराष्ट्राला याबाबत दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. या अवधीत २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांची अंदाजपत्रके प्रशासनाने तयार केली आणि प्रशासकानेच मंजूर केली. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकाचा आकार ७४,४२७ कोटी रुपये होता. एवढ्या रकमेवर स्थायी समितीत किंवा महासभेत एकही नगरसेवक प्रश्न विचारू शकला नाही, कारण नगरसेवकच नव्हते. देशातील या सर्वांत श्रीमंत महापालिकेत जे घडले तेच हजारो लहान संस्थांत घडले. फरक इतकाच की मुंबईचे वृत्तपत्रांत छापून आले.

या काळात पैसा खर्च झाला, कामे झाली, लेखापरीक्षाही झाली असेल. प्रशासकाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु संमती देणारा आणि संमती मागणारा एकच असेल, तर अधिकाराचा पहिला भाग लोप पावतो. आणि हिशेब घेणारे सभागृह नसेल, तर दुसराही.

उत्तरमेरूरचा नियम

पट्टीश्वरम्‌च्या परिसरात ज्या चोळांची राजधानी होती, त्याच घराण्यातील पहिल्या परांतकाच्या काळातील दोन शिलालेख कांचीपुरम् जिल्ह्यातील उत्तरमेरूर येथे आहेत. त्यांचा काळ इसवी सन ९१९ आणि ९२१ असा मानला जातो. त्या ब्राह्मण वसाहतीच्या सभेने आपल्या समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम त्यांत कोरले आहेत. गावाचे ३० प्रभाग करावेत, पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून मडक्यात टाकावीत आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढावी. वार्षिक समिती, बागांची समिती आणि तलावांची समिती अशा समित्या नेमल्या जात आणि त्यांची मुदत ३६० दिवसांची असे.

ही व्यवस्था आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती. तिच्यात जमीन, घर, वय आणि विद्या यांच्या अटी होत्या. स्त्रियांना आणि बहुसंख्य कष्टकऱ्यांना तिच्यात स्थान नव्हते. तिचा गौरव करताना हे विसरता कामा नये. परंतु त्यातील एक नियम आजही विचार करायला लावतो. समितीवर असताना ज्याने हिशेब सादर केला नाही, तो पुन्हा निवडीस अपात्र. आणि केवळ तोच नव्हे, तर त्याचे जवळचे नातेवाईकही. हा नियम वरच्या कार्यालयाच्या दप्तरात न ठेवता सभेच्या मंदिराच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा कोरला गेला.

काय करता येईल

यावरून तीन गोष्टी सुचतात. पहिली, हिशेब गावाच्या भाषेत आणि गावाच्या सभेत मांडला जावा. तमिळनाडूच्या पंचायत कायद्याने गावाचा आराखडा, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षा अहवाल यांना मान्यता देण्याचे काम ग्रामसभेवर सोपवले आहे. २०२२ पासून तेथे वर्षातून सहा ग्रामसभा ठरल्या असून १ नोव्हेंबर हा स्थानिक शासनाचा दिवस त्यांपैकी एक आहे. सभा भरण्याचे दिवस ठरले आहेत; आता लेखापरीक्षा अहवालातील आक्षेप तिच्यापुढे वाचून दाखवले जातात का, हे पाहिले पाहिजे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळामुळे माहिती उपलब्ध झाली. परंतु संकेतस्थळावरील तक्ता आणि सभेत मिळालेले उत्तर यांत अंतर आहे.

दुसरी, विधिमंडळाच्या अर्थसंकल्पात स्थानिक संस्थांच्या रकमा नावानिशी दाखवल्या जाव्यात आणि त्यांच्या लेखापरीक्षा अहवालांसाठी स्वतंत्र समिती नियमाने काम करत राहावी. तिसरी, निवडून आलेली संस्था नसलेल्या काळातील खर्चाचा हिशेब नव्या संस्थेच्या पहिल्याच सभांपैकी एका सभेत विशेष विषय म्हणून ठेवला जावा. जे प्रश्न त्या काळात विचारता आले नाहीत, ते निदान नंतर तरी विचारले जातील.

मित्रहो, परीक्षेत अनुच्छेदांचे क्रमांक, समित्यांची सदस्यसंख्या आणि आयोगांच्या शिफारशी विचारल्या जातात. त्या पाठ असल्याच पाहिजेत. परंतु उद्या यांपैकी काहीजण गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी किंवा लेखाधिकारी होतील आणि त्यांच्यासमोर एखाद्या गावाची वही उघडी असेल. महाराष्ट्रात त्या वहीत पहिला नमुना अंदाजपत्रकाचा असतो. तो नमुना भरताना पुढच्या पानावर सही कोणाची, हे नियम सांगतील. ती सही झाल्यावर वही कोणापुढे उघडायची, हा निर्णय मात्र बऱ्याच अंशी त्या अधिकाऱ्याच्या हाती असेल. लोकसभेत लोकलेखा समिती जे काम करते, तेच काम गावात ग्रामसभेला करता यावे, एवढी तजवीज करणे हे त्याचे कर्तव्य आहे.